क्राऊनचं ऑइल

घाटात मालट्रकच्या मागे अडकून पडलं, की पुढच्या गाडीच्या मागच्या चाकांच्या मधोमध एक फुगीर लोखंडी पेटी दिसते. तिच्यावर कुणी सूर्य रंगवलेला असतो, कुणी कमळ, कुणी जीभ बाहेर काढलेला मिशाळ राक्षस. शेजारी काळी बाहुली नाहीतर जुनी चप्पल लोंबत असते. गाडीच्या पोटाखालचा दुसरा कुठलाही भाग एवढ्या हौसेने रंगवलेला मी पाहिलेला नाही. आणि ज्यांच्या आत वर्षानुवर्षं कुणी डोकावत नाही अशा भागांतही हीच पेटी पहिली येईल. इंजिनातलं ऑइल पाहायला पट्टी असते, ऑइलचा दाब पडला तर लाल दिवा लागतो, पाणी तापलं तर काटा चढतो. या पेटीला पट्टी नाही, दिवा नाही, काटा नाही. आत दाट, उग्र वासाचं ऑइल असतं. ते पुरेसं आहे की गळून गेलंय, धड आहे की नासलंय, हे कळायचा रीतसर मार्ग एकच: गाडीखाली आडवं व्हायचं, बूच उघडायचं आणि बोट आत घालायचं.

पुस्तकात या यंत्रणेला डिफरन्शियल म्हणतात. गॅरेजमध्ये कुणी क्राऊन म्हणतं, कुणी हौसिंग. इंजिनाची सगळी ताकद रस्त्याला भिडते ती इथूनच. नारायणगावचा टोमॅटो, लासलगावचा कांदा, मांडवाचे खांब, डीजेच्या भिंती, आषाढी वारीत दिंडीच्या पाठोपाठ निघालेली भांडीकुंडी आणि तंबू. आपल्याकडे पिकअपच्या हौद्यात काय चढेल आणि किती चढेल याला धरबंध नाही. ते सगळं घाटातून वर ओढण्याचा ताण अखेर दोन-तीन दातांवर येतो. हे अक्षरशः खरं आहे. पिनियन हे छोटं दंतचक्र क्राऊन या मोठ्या चक्राला फिरवतं, तेव्हा एका क्षणी त्यांचे जेमतेम दोन-तीन दात एकमेकांत गुंतलेले असतात.

पेटीची कामं तीन. लांबीच्या दिशेने आलेलं फिरणं आडवं वळवायचं. त्याचा वेग साधारण चार-पाच पटींनी उतरवून जोर तेवढाच चढवायचा. आणि तो दोन चाकांत वाटून द्यायचा. पहिली दोन कामं कुठलंही चांगलं दंतचक्र करील. मेख तिसऱ्यात आहे.

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. खळ्यावरची पात ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. तिवड्यालगतचा, म्हणजे मधल्या खांबाजवळचा, म्हातारा बैल जागच्या जागी फिरल्यासारखा चालतो आणि कडेचा तरणा बैल भराभर पावलं टाकत मोठा फेरा घेतो. दावं एक, चाल ज्याची त्याची. दोन्ही चाकं एकाच कण्याला जखडून टाकली तर प्रत्येक वळणावर एक चाक फरपटेल, टायर घासेल, कणा पिळवटेल. डिफरन्शियलमधली छोटी चक्रं हे होऊ देत नाहीत. त्यांचा हिशेब चोख आहे: आतलं चाक जेवढं मंद होईल तेवढंच बाहेरचं जलद होतं, आणि दोघांच्या वेगांची बेरीज नेहमी क्राऊनच्या वेगाच्या दुप्पट राहते.

बैलगाडीला याची गरज कधी पडली नाही. तिची चाकं आसावर सुटी फिरतात, त्यामुळे वळणाचं कोडं तिथे आपोआप सुटलेलं असतं. आसाला वंगण द्यायचं, बहुधा एरंडेलाचं, की काम भागलं. (हेच एरंडेल पुढे पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या इंजिनांत गेलं. कॅस्ट्रॉल या नावातही एरंडाचं इंग्रजी नाव दडलेलं आहे.) कोडं उभं राहिलं ते ओढणारा पुढून निघून गाडीच्या पोटात शिरला तेव्हा. चाकांना ओढणं सोपं, फिरवणं अवघड. 1820 च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमधल्या ओनेझिफोर पेक्यूर या घड्याळजीने वाफेच्या गाडीसाठी याचा तोडगा काढून पेटंट घेतलं. तो माणूस घड्याळजी होता हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. एकाच कमानीच्या जोरावर तास आणि मिनिटं वेगवेगळ्या चालींनी चालवण्याची सवय त्याच्या बोटांना होती. नंतर 1877 मध्ये इंग्लंडातल्या कॉव्हेंट्री गावी जेम्स स्टार्लीने तीच युक्ती पायडलच्या गाडीला लावली. गोष्ट अशी सांगतात, की तो आणि त्याचा मुलगा शेजारी शेजारी बसून पायडल मारत होते, पोराचा जोर बापापेक्षा जास्त पडला, गाडी एका बाजूला ओढली गेली आणि दोघेही रस्त्याच्या कडेला जाऊन पडले.

साध्या डिफरन्शियलची एक खोड मात्र ठाऊक असायला हवी. तो वेग कमी-जास्त होऊ देतो, पण जोर दोन्हीकडे सारखाच वाटतो. रस्ता चांगला असेल तोवर ही मोठीच गुणाची गोष्ट. पण एक चाक चिखलात गेलं, तर त्या चाकाला फिरायला जेवढा किरकोळ जोर पुरतो तेवढाच दुसऱ्या, कोरड्या जागेवरच्या चाकालाही मिळतो. चिखलातलं चाक गरगर फिरतं, दुसरं ढिम्म हलत नाही, आणि शेजारच्या रानातून ट्रॅक्टर बोलवावा लागतो. समान वाटप आणि गरजेप्रमाणे वाटप यांतला फरक मला राज्यशास्त्राच्या पुस्तकांपेक्षा या चिखलाने जास्त नीट शिकवला.

आता ऑइलकडे येतो. खरं नाट्य तिथे आहे.

तेल दोन लोखंडांच्या मध्ये बसून घर्षण कमी करतं, हे माणसाला हजारो वर्षं ठाऊक होतं. ते नेमकं कसं, हे कळायला 1883 उजाडावं लागलं. इंग्लंडात बीचम टॉवर नावाचा अभियंता रेल्वेच्या कण्यावरच्या बेअरिंगची तपासणी करत होता. बेअरिंगच्या माथ्यावर त्याने तेल सोडायला एक भोक पाडलं. तर कणा फिरू लागताच तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर यायला लागलं. त्याने कॉर्कचं बूच ठोकलं, ते उडालं. लाकडाची खुंटी ठोकली, तीही हळूहळू बाहेर ढकलली गेली. शेवटी त्याने तिथे दाबमापक बसवला, आणि कण्यावरच्या ओझ्याच्या सरासरी दाबाहून कितीतरी अधिक दाब त्यात दिसला. फिरणारा कणा स्वतःच तेलाला चिंचोळ्या फटीत ओढून घेत होता आणि त्या तेलावर तरंगत होता. लोखंड लोखंडाला शिवतच नव्हतं. तीन वर्षांनी ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं, आणि आजही बेअरिंगचा विचार त्याच गणितातून सुरू होतो. वंगणशास्त्राची सुरुवात एका न टिकणाऱ्या बुचापासून झाली, हे गाडीखाली झोपून बुचाशी झटणाऱ्याला दिलासा देणारं आहे.

पण क्राऊनच्या पेटीत हे तरंगणं पुरत नाही. 1920 च्या दशकात अमेरिकेत रॉचेस्टरच्या ग्लीसन कारखान्याने हायपॉइड नावाची दातांची नवी घडण बाजारात आणली आणि पॅकार्ड कंपनीने ती आपल्या मोटारींत घातली. हिच्यात पिनियन क्राऊनच्या मध्यापेक्षा खाली बसतो. त्यामुळे इंजिनाकडून येणारा लांब दांडा खाली आला, गाडीचं तळ खाली आलं, दात मोठे आणि मजबूत झाले, आवाज कमी झाला. किंमत एकच मोजावी लागली: या घडणीत दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, लांबीच्या दिशेने घासतही जातात. प्रचंड दाब आणि वर घसट. त्या क्षणी मधला तेलाचा पापुद्रा फाटतो, लोखंड लोखंडाला भिडतं, आणि टोकाटोकांवर इतकी उष्णता होते की दात एकमेकांना डसून सालं निघावीत. साधं तेल इथे हरतं.

मग इथे भौतिकशास्त्र बाजूला सरून रसायन पुढे येतं. क्राऊनच्या ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगं मिसळलेली असतात. एरवी ती निवांत असतात. दात भिडून तापले, की नेमक्या त्या तापलेल्या जागी गंधक लोखंडाशी संयोग पावतो आणि अतिशय पातळ, ठिसूळ थर बनतो. पुढच्या घसटीत तो थर खरवडला जातो, मूळ लोखंड वाचतं, लगेच नवा थर बनतो. थोडक्यात, दात वाचवण्यासाठी आपण त्यांना मोजूनमापून गंजू देतो. गंधकाची धातूंशी असलेली ही सलगी आपल्या रसवैद्यांना फार आधीपासून ठाऊक होती. भस्म करण्यासाठी धातूचं ‘मारण’ करताना ते गंधकही वापरत. तिथे धातू मारायचा होता. इथे रोज कणभर मारून तो जगवायचा आहे.

‘ऑइल स्वच्छ दिसतंय, मग बदलायचं कशाला?’ या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. तेल म्हणून ते तेल अजून तेलकटच असेल, पण त्यातला गंधक-फॉस्फरसचा साठा खर्ची पडलेला असतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. काही मोटार कंपन्या या ऑइलबद्दल ‘गाडीच्या आयुष्यभर पुरेल’ असं सांगतात. कुणाचं आयुष्य धरून, एवढंच त्यांना विचारावं. वॉरंटीच्या आयुष्यापुरतं ते खरं असायला हरकत नाही.

या गंधकाचा दुसरा पैलूही आहे. क्राऊनसाठी बनवलेल्या, डब्यावर जीएल-5 छापलेल्या ऑइलमध्ये हा साठा भरपूर असतो. तेच ऑइल हाताशी आहे म्हणून जुन्या धाटणीच्या गिअरबॉक्समध्ये ओतलं, तर आतल्या पितळी कड्यांना तो गंधक हळूहळू खातो. तिथे सौम्य जीएल-4 लागतं. पोलादाला जे तारतं तेच पितळाला मारतं. डब्यावरच्या 90 आणि 140 या आकड्यांनीही अशीच फसगत होते. 90 नंबरचं गिअर ऑइल इंजिनाच्या 40 नंबरपेक्षा दुपटीहून दाट, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात दोन्ही मोजपट्ट्याच निराळ्या आहेत, आणि गिअरचं 90 हे इंजिनाच्या 40-50 च्या आसपासच दाट असतं.

गंधक एकटा चालत नसे, त्याला वाहून नेणारं स्निग्ध द्रव्य लागे, आणि विसाव्या शतकात बराच काळ ते द्रव्य समुद्रातून येत होतं. स्पर्म व्हेलच्या अवाढव्य डोक्यात एक पातळ, मेणासारखं तेल असतं. ते सहजी चिकट होत नाही, उष्णतेत टिकतं, लोखंडाला धरून राहतं. गंधकाशी संयोग केलेलं हे तेल गिअर ऑइलांत आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलांत सर्रास घालत. दिव्यासाठी व्हेल मारणं रॉकेल आल्यावर ओसरलं असा आपला समज असतो. दिव्यापुरता तो बरोबर आहे. यंत्रांसाठी व्हेल त्यानंतरही जवळजवळ शतकभर मारला जात होता. 1970 मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेल संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातला, त्याच्या तेलाची आयात थांबली, आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधणं भाग पडलं. पर्याय सापडले, गाड्या थांबल्या नाहीत. म्हणजे ते आधीही शोधता आले असते, ही यातली बोचरी बाजू. आज मराठी वाचकाला हा प्राणी भेटतो तो ‘व्हेलची उलटी विकताना टोळी जेरबंद’ अशा बातम्यांत. किनाऱ्यावर सापडणाऱ्या त्या गोळ्याचा जन्मदाता आणि एके काळी मोटारींच्या गिअरांत फिरणाऱ्या तेलाचा धनी एकच.

ऑइल बदलायचं काम तसं अर्ध्या तासाचं. गाडी थोडी फिरवून आणायची म्हणजे ऑइल पातळ होतं आणि तळाचा गाळ उठतो. मग सपाट जागा, चाकांना दगड, हँडब्रेक. आणि आता या कामातला एकमेव मोठा नियम: खालचं बूच उघडायच्या आधी वरचं, म्हणजे ऑइल भरायचं, बूच उघडून पाहायचं. कारण साधं आहे. वरचं बूच गंजून बसलेलं असलं, त्याचे कोपरे झिजून पाना घसरू लागला, आणि खालून ऑइल आधीच सोडून दिलेलं असलं, तर गाडी रिकाम्या क्राऊनने जागच्या जागी खिळली. ज्याला परत भरता येणार नाही ते रिकामं करू नये. हा नियम मी मेस्त्रींच्या तोंडून दमदाटीच्या सुरातच ऐकलेला आहे आणि तो त्याच सुरात सांगण्यासारखा आहे.

खालचं बूच निघालं, की आधी त्याचं टोक पाहावं. बऱ्याच गाड्यांत तिथे लोहचुंबक असतं. त्यावर करड्या काळपट लेपासारखा बारीक चुरा जमलेला असेल तर चिंता नाही, ती रोजच्या झिजेची नोंद आहे. बोटाला टोचणारे तुकडे, चकचकीत सालं, दाताचा टवका दिसला तर मात्र ऑइल बदलून भागणार नाही, पेटी उघडावी लागेल. मग ऑइल चिमटीत घेऊन चोळायचं आणि वास घ्यायचा. गंधकाचा उग्र वास नेहमीचाच. साबणाने दोनदा हात धुतला तरी जेवताना तो घासासोबत येतो. करपट वास आला तर क्राऊन तापलाय. रंग दुधाळ असेल तर आत पाणी शिरलंय. लेथवर काम केलेला कसबी माणूस त्या काळ्या थेंबातून जे वाचतो, त्याला मी वाचनच म्हणतो.

नवीन ऑइल भरताना मापाचा घोळ नाही. वरच्या बुचाच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत पातळी आली, ऑइल ओघळू लागलं, की थांबायचं. जास्त भरलं तर ते फेसाळतं, तापतं आणि सील फोडून बाहेर येतं. ब्रेकच्या लायनरवर आलं तर पुढचं सांगायला नको.

अमेरिकेतल्या मोठ्या पिकअपचा मामला थोडा वेगळा. फोर्डच्या सुपर ड्यूटी गाड्यांच्या अनेक वर्षांच्या मॉडेलांत मागच्या साडेदहा इंची क्राऊनच्या पेटीला खाली बूचच नाही. मागचं गोल झाकण बारा बोल्ट सोडवून काढायचं. वरचे दोन बोल्ट नुसते सैल ठेवून झाकण खालून उचकटलं, की ऑइल परातीत कोसळतं. मग जुनं सीलंट खरवडा, कडा कोरड्या करा, नवीन लावा. वैताग आहे खरा. पण त्या वैतागापायी मालकाला दर वेळी क्राऊनचे दात उघडे पाहावे लागतात, म्हणून मला ती रचना आपल्या सोयीच्या बुचापेक्षा बरी वाटते. घोड्यांचा किंवा बोटीचा ट्रेलर मागे लावून ओढण्याला तिथल्या गाड्यांच्या पुस्तकांत कठोर वापर म्हणतात आणि अशा गाडीचं ऑइल लवकर बदलायला सांगतात. आपल्या कंपन्यांच्या पुस्तकांतही असा वेगळा रकाना असतो: जादा भार, चढ, धूळ, उष्णता, पाण्यातून जाणं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही पिकअपवाल्याने तो वाचावा. माळशेज घाट, उन्हाळ्यातला मराठवाडा आणि पावसाळ्यातलं कोकण यांतलं एक जरी आपल्या वाटेवर असलं, तर आपला रकाना तोच. ‘साधारण वापर’ हा रकाना आपल्यासाठी छापलेलाच नाही.

त्यात पावसाळा सगळ्यात कपटी. पेटीच्या माथ्यावर ब्रीदर म्हणून एक बारीकशी वाट असते. क्राऊन तापला की आतली हवा फुगून तिथून बाहेर जाते, निवला की परत येते. भरधाव आलेली, तापलेल्या क्राऊनची गाडी पाणी चढलेल्या मोरीवरून किंवा ओढ्यातून नेली, की पेटी एकदम गार पडते, आतली हवा आकसते, आणि ब्रीदरमधून किंवा सीलच्या फटीतून ती पाणी आत ओढून घेते. वरून काहीच कळत नाही. गाडी धावते, भाडी होतात. पाणी आणि ऑइल घुसळून एक होतात, पापुद्रा दुबळा होतो, बेअरिंगवर गंजाचे ठिपके पडतात. मग पुढे कधीतरी, बहुधा भरल्या गाडीने चढ चढताना, मागून हुंकारासारखा आवाज सुरू होतो. तो ऐकू आला तेव्हा वेळ गेलेली असते. ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर उलटं होतं, फुगलेल्या हवेला वाट मिळत नाही आणि ती सीलमधून ऑइल बाहेर ढकलते. एका दोन इंची नळीकडे लक्ष न दिल्याने बेअरिंग, सील आणि क्राऊन-पिनियनचा जोड बदलावा लागलेल्या गाड्या कुठल्याही तालुक्याच्या गॅरेजात पाहायला मिळतात.

काढलेल्या ऑइलचं काय करायचं, यावर आपल्याकडे कुणी फार विचार करत नाही. ते सेंट्रिंगच्या प्लेटांना जातं, गोठ्याच्या वाशांना वाळवीसाठी फासलं जातं, उरलेलं गॅरेजमागच्या गटारात. घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल अशाच कचऱ्यात मोडतं आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचं असतं. गटार ओढ्याला मिळतं, ओढा नदीला, आणि नदीकाठी आपल्याच विहिरी आहेत. निदान झाकणाच्या कॅनमध्ये साठवून भंगारवाल्याला नव्हे, ऑइल गोळा करणाऱ्याला द्यावं. मोठ्या गॅरेजांकडे असे लोक येतात.

राहता राहिला मुहूर्त. दसऱ्याला आपण गाडी धुतो, हार घालतो, झेंडूची तोरणं बांधतो, चाकाखाली लिंबू चिरडतो. मला या पूजेचं वावडं नाही. अवजाराला वर्षातून एकदा हात जोडणारा समाज बरा. पण दसरा येतो तो नेमका पाऊस सरल्यावर आणि कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर, म्हणजे क्राऊनमध्ये पाणी शिरलंय का हे पाहायला वर्षातला याहून चांगला दिवस नाही. तेव्हा पिकअप बाळगणाऱ्यांना एवढंच सांगणं: खंडेनवमीला गाडी धुवायच्या आधी मेस्त्रीकडे न्या, ब्रीदर साफ करून घ्या, वरचं बूच उघडायला लावा आणि बोट स्वतः घाला. दुधाळ निघालं तर त्याच दिवशी बदला, हार दुसऱ्या दिवशी घातला तरी चालेल.